होडीत तळफळी टाकण्याआधी : वजनाचा आणि पाण्याचा हिशेब



गटाच्या कर्जातून शिलाई मशीन घेतलं तर ते बिघडलं तरी कुणाचा जीव जात नाही. होडीचं तसं नाही. म्हणून या वेळच्या पाठासाठी आपण होडीचा विषय घेतला आहे. उल्हास नदीकाठच्या आणि बारवी धरणाच्या परिसरातल्या ज्या गटांना मासेमारीचा जोडधंदा करायचा आहे, त्यांनी हा पाठ बैठकीत मोठ्यानं वाचावा. ज्यांना होडी घ्यायची नाही त्यांनीही वाचावा, कारण दुसऱ्या गटाच्या कर्जाला सही करताना काय विचारायचं ते यातून कळेल.

आपल्याकडे लाकडी आणि फायबरच्या होड्याच जास्त दिसतात. ॲल्युमिनियमची छोटी होडी वजनाला हलकी असते, चार जणी उचलून टेम्पोत ठेवू शकतात, आणि ती कुजत नाही. पण अशी होडी आतून उघडी असते. तळाला आडव्या पट्ट्या, म्हणजे बरगड्या असतात. त्यांवर पाय अडखळतो, जाळं अडकतं, उन्हात पत्रा तापतो, ओला झाला की पाय सरकतो. म्हणून तळाला सपाट फळी आणि पुढच्या टोकाला जाळं ठेवायला छोटा कट्टा बसवून घ्यावा असं वाटतं. वाटणं बरोबर आहे. पण सुताराला बोलवायच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : होडीत टाकलेली प्रत्येक फळी मासळीची जागा खाते, आणि उंच टाकलेली फळी होडीचा तोल खाते.

पहिला हिशेब : वजन

समजा होडी १२ फुटी आहे आणि तिच्यावर २५० किलो भार चालतो. काही नव्या होड्यांवर हा आकडा लिहिलेली पट्टी असते. पट्टी नसेल तर विकणाऱ्याकडून लेखी घ्या आणि पुढे सांगितलेली चाचणी करून बघा.

तळाला २० चौरस फूट फळी आणि पुढे ८ चौरस फुटांचा कट्टा करायचा आहे. हेच काम दोन प्रकारे होतं.

हलका प्रकार : १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय. याची आठ बाय चारची पूर्ण शीट साधारण २५ किलो भरते. म्हणजे २० चौरस फुटांचे सुमारे १६ किलो. खाली ॲल्युमिनियमच्या अँगलची चौकट साडेचार किलो. पुढचा कट्टा चौकटीसकट ९ किलो. स्क्रू, रंग वगैरे ३ किलो. एकूण अंदाजे ३३ किलो.

जड प्रकार : १८ मिलिमीटरचा प्लाय २३ किलो, लोखंडी अँगल १३ किलो, कट्टा १६ किलो, वर कार्पेट ८ किलो, स्क्रू आणि रंग ३ किलो. एकूण ६३ किलो. आणि कार्पेट भिजलं की आणखी वाढतं.

आता माणसं मोजा. दोघी जणी, प्रत्येकी ६० किलो, झाले १२०. जाळं, वल्ही, बर्फाची पेटी, दोरी, लाइफ जॅकेट मिळून ३५ किलो.

हलकी फळी : १२० + ३५ + ३३ = १८८. मासळीसाठी उरले ६२ किलो.
जड फळी : १२० + ३५ + ६३ = २१८. मासळीसाठी उरले ३२ किलो.

म्हणजे जड लाकूड आणि लोखंड वापरलं तर प्रत्येक फेरीला ३० किलो मासळीची जागा कायमची गेली. आणि तिसरी बाई बसवायची म्हटली तर हलक्या फळीतही फक्त २ किलो उरतात. तिघी गेल्या की जाळ्यात काही लागलं तरी ते होडीत घेता येणार नाही. म्हणून अशा होडीत दोघींनीच जायचं, हे कर्ज मंजूर करतानाच ठरवा. नंतर "आज एक जास्त बसू दे" ही सवय लागते, आणि तिथेच घात होतो.

दुसरा हिशेब : उंची

काही जणी म्हणतील, होडी एवढ्या वजनानं बुडते कुठे? खरंच आहे. १२ फुटी सपाट तळाची होडी एक इंच खाली जायला साधारण ८० किलो लागतात. ३३ किलोनं ती अर्धा इंचही खाली जात नाही. धोका बुडण्यापेक्षा कलंडण्याचा आहे.

टेम्पोत भाजीचे क्रेट एकाच थरात ठेवले तर वळणावर काही होत नाही. तेवढेच क्रेट एकावर एक पाच थर रचले की तोच टेम्पो झुकतो. वजन तेच, उंची वाढली. होडीत सगळ्यात जड वस्तू म्हणजे आपण स्वतः. फळी आठ इंच उंच बसवली की उभी असलेली प्रत्येक बाई आठ इंच वर गेली. शिवाय काठ पूर्वी मांडीपर्यंत येत होता, तो आता गुडघ्यापर्यंतच येतो. जाळं ओढताना झोक गेला की अडायला काहीच नाही.

म्हणून नियम असा : तळफळी बरगड्यांना जवळजवळ टेकूनच बसवायची. मध्ये फक्त पाणी वाहून जाईल एवढी फट. सपाटीसाठी उंच मचाण करायचं नाही. पुढचा कट्टाही काठाच्या बरोबरीनं न करता काठाच्या बराच खाली ठेवायचा. त्यावर एका वेळी एकच बाई, तीही शक्यतो बसून.

तिसरा हिशेब : फळीखालचं पाणी

परातीत थोडं पाणी घेऊन चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. फळीखाली साठलेलं पाणी होडीला हेच करतं. २० चौरस फुटांखाली एक इंच पाणी साठलं तर ते ४७ किलोच्या आसपास होतं, आणि वर फळी असल्यामुळे ते दिसतही नाही. म्हणून :

१. फळी एकसंध पक्की बसवू नका. दोन-तीन तुकडे करा, हातानं उचलता येतील असे. प्रत्येक तुकड्याला बोट घालायला भोक ठेवा.
२. कडेला बोटभर फट ठेवा. बरगड्यांना मुळात पाणी वाहायला ज्या खाचा असतात त्या चौकटीनं बुजवू नका.
३. मागच्या बाजूला, जिथे बूच असतं तिथे, तांब्या बुडेल एवढी मोकळी जागा ठेवा. पाणी तिथूनच उपसायचं.
४. कार्पेट चिकटवू नका. त्याखाली ओल राहते, प्लाय कुजतो आणि पत्र्याला डाग पडतात.

काम सुरू करण्याआधी गळती तपासा

फळी बसल्यावर गळती सापडत नाही, म्हणून हे आधी. होडी जमिनीवर लाकडी ओंडक्यांवर नीट टेकवा, तळाला चार-पाच ठिकाणी आधार द्या. आत फक्त रिव्हेट झाकले जातील एवढंच पाणी ओता. जास्त नको, पाण्याच्या भारानं तळ वाकतो. अर्ध्या तासानं खालून बघा. जिथे थेंब दिसेल तिथे खूण करा.

रिव्हेट ढिला असेल तर तो ठोकून घट्ट करता येतो किंवा बदलता येतो. शिवण गळत असेल तर पाण्यात चालणारं सीलंट लागतं. पत्रा चिरला असेल तर आर्गॉन वेल्डिंग करावं लागतं. साधं लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमवर चालत नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात फॅब्रिकेशनची कामं करणारे आहेत. त्यांना सरळ विचारा, "ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आर्गॉननं जोडता का? आधी केलेलं काम दाखवा." वेल्डिंगच्या आधी होडीतलं इंधन, थर्माकोल, फोम बाहेर काढायचं. ते पेटतं आणि धूर विषारी असतो.

माप घेणं : हे आपल्याला येतं

होडीचा तळ सरळ चौकोनी नसतो, पुढे निमुळता होत जातो. सुतार फुटपट्टीनं माप घेऊन प्लाय कापतो, मग तो बसत नाही आणि शीट वाया जाते. इथे शिवणकाम करणाऱ्या बायांनी पुढे व्हावं. ब्लाउजचा कागदी कट काढतो तसाच होडीचा कट काढायचा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कपाटांचे मोठे खोके मिळतात. ते उघडून तळाला अंथरायचे, कडेनं पेन फिरवायचं, कापायचं, बसवून बघायचं, कमीजास्त करायचं. खोका नीट बसला की तोच प्लायवर ठेवून आखायचं, सगळीकडून बोटभर आत. उल्हासनगरात जीन्सच्या कटिंगवर काम केलेल्या बायांना हेही माहीत आहे की तुकडे आधी मांडून बघितले तर कापड वाचतं. प्लायचंही तसंच. तळ आणि कट्टा मिळून २८ चौरस फूट, आणि एक शीट ३२ चौरस फुटांची. नीट मांडलं तर एका शीटमध्ये भागतं, नाहीतर दुसरी आणावी लागते.

कोणतं सामान घ्यायचं, कोणतं नाही

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आपण चिंचेचं सार किंवा ताक ठेवत नाही, कारण भांडं खातं. होडीच्या पत्र्यालाही खाणाऱ्या वस्तू आहेत. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि वर पाणी लागलं की त्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं. कल्याणच्या खाडीकडे, खाऱ्या पाण्यात, भराभर होतं. तेव्हा :

तांबं आणि पितळ होडीत नको. पितळी स्क्रू नको, तांब्याची तार नको, तळाला पडलेलं तांब्याचं नाणंसुद्धा नको. लोखंडी खिळे नको. काही लाकडाला कीड लागू नये म्हणून तांब्याचं औषध मारलेलं असतं, ते हिरवट दिसतं. तेही पत्र्याला लावायचं नाही.

स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि पत्र्याला टेकतात तिथे नायलॉन किंवा रबराचा वायसर घाला. चौकटीला ॲल्युमिनियमचा अँगल. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लायचा आहे. दुकानदार "वॉटरप्रूफच आहे ताई" म्हणाला तरी शिक्का बघायचाच. प्लाय कापल्यावर त्याच्या कडांना आणि खालच्या बाजूलाही रंगाचे तीन हात द्या. पाणी कडेतून शिरतं. वरच्या बाजूला शेवटचा हात ओला असताना चाळलेली बारीक वाळू भुरभुरवा, वाळल्यावर पाय घसरत नाही.

सुताराला ठणकावून सांगायच्या तीन गोष्टी

एक, तळाच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. चौकट बरगड्यांना किंवा बाकांना धरायची. स्क्रूची लांबी आधी मोजायची, खालून टोक बाहेर यायला नको.

दोन, बसायचे आडवे बाक कापायचे नाहीत. जागा मोकळी होईल म्हणून सुतार सुचवतोच. पण तेच बाक दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. ते काढले तर होडी मधून फाकते.

तीन, बाकांखालचा फोम टाकायचा नाही. होडी पाण्यानं भरली तर तोच तिला तरंगत ठेवतो. एक घनफूट फोम साधारण २७ किलो उचलून धरतो. ७० किलोच्या ॲल्युमिनियमच्या होडीला नुसतं तरंगायला जवळजवळ दोन घनफूट लागतात. धरून राहणाऱ्या दोघींसाठी आणि सामानासाठी धरून चार-पाच घनफूट तरी हवा. हा फोम दोन्ही कडांना, वरच्या बाजूला बांधलेला हवा. फळीखाली मधोमध कोंबला तर पाणी भरलेली होडी उलटी होते. साधा थर्माकोल कालांतरानं पाणी पितो आणि पेट्रोलनं विरघळतो. पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम घ्या.

चाचणी : पाण्याच्या जारनं

फळी बसली की थेट धरणात जायचं नाही. कमरेएवढ्या शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, काठावर दोरी धरणाऱ्या दोघी ठेवून चाचणी करायची. २० लिटरचा पाण्याचा जार म्हणजे २० किलो. तीन जार म्हणजे एक बाई.

आधी रिकाम्या होडीची पाण्याची रेघ बाहेरून मार्करनं आखा. मग दोन बायांचे सहा जार, सामानाचे दोन आणि मासळीचे तीन जार ठेवा. आता काठ पाण्यापासून किमान एक फूट वर आहे का? नसेल तर भार कमी करा. मग बायांचे सहाही जार एका बाजूच्या काठाजवळ सरकवा. काठ पाण्याला टेकायला आला तर फळी उंच झाली आहे किंवा भार जास्त आहे. शेवटी तीन जार पुढच्या कट्ट्यावर ठेवून नाक किती खाली जातं ते बघा. जेवढ्या भाराला होडी समाधानकारक राहिली, तो आकडा किलोमध्ये आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवा. हाच गटाचा नियम.

वारा आणि पूर आपल्याला विचारून येत नाहीत

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. मोठ्या जलाशयात मे महिन्यातलं वळवाचं वारं पाहता पाहता लाटा उठवतं. दुपारनंतर ढग भरले की काठ गाठायचा, जाळं राहिलं तरी चालेल.

आपली उल्हास नदी कशी चढते ते आपण पाहिलं आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. पुराच्या पाण्यात मासेमारीची छोटी होडी घालायची नाही, कितीही चांगली फळी असली तरी. पावसाळा हा माशांच्या विणीचाही काळ असतो. तेव्हा होडी उलटी घालून सावलीत ठेवा. फळीचं काम कोरड्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये उरका, म्हणजे रंग नीट वाळतो.

होडीत जाताना पायघोळ साडी नको. काष्टा किंवा सलवार-कुर्ता घाला. भिजलेली साडी पायात गुंडाळते. लाइफ जॅकेट पट्टे बांधून अंगात हवं, बाकाखाली ठेवलेलं उपयोगाचं नाही.

कागदपत्रं

बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचं आहे आणि त्याचं पाणी पिण्यासाठी जातं. तिथे किंवा कोणत्याही जलाशयात होडी घालण्याआधी मासेमारीचा हक्क कुणाकडे आहे, परवानगी कुणाची लागते, होडीची नोंदणी कुठे करायची हे ठाण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात महिलांना मंजूर खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये ठेवले होते. या वर्षी काय चालू आहे आणि अर्ज कसा करायचा, हे त्याच भेटीत लिहून आणा. विमा उतरवल्याशिवाय होडीचं कर्ज देऊ नका.

बायांना होडी झेपत नाही असं कुणी म्हटलं तर वेंगुर्ल्याचं उदाहरण सांगा. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. झेपतं. फक्त हिशेब आधी करायचा असतो.

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या होडीचा भार किती? माणसं, सामान आणि फळी वजा करून मासळीला किती किलो उरतात?
२. फळीच्या कामाचे तीन दर घेतले का? दरपत्रकात प्लायचा क्रमांक, जाडी आणि स्क्रू कोणत्या धातूचे ते लिहिलं आहे का?
३. चाचणीच्या दिवशी दोरी कोण धरणार? पोहता कुणाकुणाला येतं?
४. ढग आले की परत फिरायचं हे होडीत कोण ठरवणार? तिचं नाव ठराव-वहीत लिहा. तिनं "परत" म्हटलं की दुसरीनं वाद घालायचा नाही.